आम्ही सायकल चोरली ते वर्ष

ज्या वर्षी आम्ही सायकल चोरली, त्या वर्षी आम्हा तिघांना मिळून एकसुद्धा काम नव्हतं.

तिघं म्हणजे मी, एक पैलवान आणि एक सुताराचा मुलगा, त्याला आम्ही सुतारच म्हणायचो. वयं एकोणीस-वीस. आमचं गाव बारामती आणि इंदापूरच्या मधे, नीरेच्या पाटाला अगदी लागून. मी सातवीची फायनल पास झालो होतो, म्हणून ते दोघं मला मास्तर म्हणायचे. खरं तर मास्तरकीसाठी मी तीन अर्ज केले होते आणि तिन्हींना 'सध्या जागा नाही' एवढंच उत्तर आलं होतं. चौथा अर्ज तलाठ्याच्या हाताखाली लिहिण्याच्या कामासाठी केला, त्याला तर उत्तरही आलं नाही. आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "त्याचा कागद वर गेलाय." तो किती वर गेला होता कोण जाणे.

पैलवानाचं काम दर हिवाळ्यात ठरलेलं असायचं. गुऱ्हाळं पेटली की तो उसाच्या मोळ्या वाहायचा, उकळत्या रसाची काहील उतरवायला हात लावायचा, तिघांचं काम करायचा आणि चौघांचं जेवायचा. पण त्या साली गुळाचा भाव असा काही कोसळला की लोकांनी गुऱ्हाळं पेटवलीच नाहीत. कुणी ऊस जनावरांना घातला, कुणी शेतात भाजी लावली. गूळ नाही म्हटल्यावर लोकांच्या हातात पैसा नाही, आणि पैसा नाही म्हटल्यावर नवी गाडी, नवा नांगर कोण करतंय? त्यामुळं सुताराच्या घरी रंधासुद्धा खुंटीवर जाऊन बसला.

सकाळी उठायचं, पारावर बसायचं, ऊन आलं की सावलीबरोबर सरकायचं. दुपारी भाकरी खाऊन परत यायचं. घरची माणसं बोलत नसत, पण आई भाकरी वाढताना तवा जरा जोरात आपटायची.

पहिल्यांदा आम्ही ऊस मोडून खाल्ला. त्याला चोरी कुणी म्हणत नाही. मग भुईमुगाचे वेल उपटले. त्यानंतर पैलवानानं वरकुट्याला बहिणीकडं जाताना गावच्या वेशीजवळच एक कोंबडी उचलली, ती आम्ही ओढ्यात भाजून खाल्ली. पोट भरलेलं असतानाही आम्ही या भानगडी करायचो, हे मी मुद्दाम सांगतो. घरी भाकरी होती. पण दिवसभरात काहीतरी केलं, काहीतरी जमलं, असं वाटायला दुसरा मार्ग दिसत नव्हता. कोंबडी धरायला आम्ही जेवढी अक्कल लढवली तेवढी फायनलच्या गणितालाही मी लढवली नव्हती. अर्थात सुताराचा थोरला भाऊही आमच्यासारखाच रिकामा होता, आणि त्यानं कधी कुणाच्या काडीला हात लावला नाही. तो बसल्या बसल्या बाभळीच्या लाकडाचे बैल कोरायचा. तेव्हा सगळा दोष काळावर टाकून मी मोकळा होत नाही.

माझे चुलते गावचे पोलीस पाटील. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. एकदा जेवताना ते म्हणाले, "काय समजंना गड्या. गावात आवंदा रोज काहीतरी नाहीसं हुतंय. कुणाची दोरी, कुणाचं घमेलं, कुणाची कोंबडी."

मी मान खाली घालून आमटी भुरकत राहिलो.

पाटावर एक इन्स्पेक्टर होते. पुण्याकडचे, चष्मेवाले, अंगानं काटकुळे, पण बोलायला गोड. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ सोडायचं, कुणाची दारं कधी बंद करायची, हे बघत ते रोज पाटाच्या कडेनं मैलन् मैल सायकल हाकायचे. काळी विलायती सायकल, हँडलला पितळी घंटी. आमच्या भागात तेव्हा सायकल म्हणजे बघायची वस्तू. ती येताना दिसली की बायका पाण्याचा हंडा खाली ठेवून बघायच्या.

एका दुपारी आम्ही पाटाच्या बंगल्यावरनं चाललो होतो. सायकल लिंबाला टेकवलेली. आत साहेब जेवून आडवे झाले असावेत, घोरणं ऐकू येत होतं. पैलवान थांबला.

"मास्तर, ही केवढ्याला जाईल रं इंदापूरच्या बाजारात?"

"गप चल."

"नुसतं इचारलं."

सुतार तोवर सायकलीजवळ पोचला होता. त्याला विकण्याबिकण्याचं काही नव्हतं. तो वाकून मागच्या चाकाकडं बघत होता. "हे बग, साखळी हितं फिरती अन् चाक तितं फिरतंय," असं म्हणत त्यानं पायडल हातानं फिरवलं. चाक सळसळ फिरायला लागलं, आणि तिघंही ते बघत राहिलो. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीच 'घेऊ या' म्हटलं नाही. पैलवानानं सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि आम्ही चालायला लागलो.

ढकलत नेली तर मातीत चाकाची रेघ उमटेल, एवढं त्याला कळत होतं. शिवाय ढकलायची कशी हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. घंटी वाजू नये म्हणून मी माझा रुमाल तिला गुंडाळला आणि उसाच्या सरीतनं दीड कोस चालत गावाबाहेरच्या एका बंद गुऱ्हाळात ती नेऊन ठेवली. पैलवानानं एकदाही खांदा बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंदापूरला बाजारात गेलो आणि एका ओळखीच्या बागवानाजवळ आडून विषय काढला. सायकल घ्यायला कुणी गिऱ्हाईक आहे का? तो हसायला लागला. "आरं, तालुक्यात सायकली हायत्या किती! माणसांसारख्या तोंडावरनं वळखत्यात लोक त्येस्नी. कुणाची हाय?"

"कुणाची न्हाय, असंच," म्हणून मी पाय काढता घेतला.

म्हणजे विकता येईना. परत नेऊन ठेवायचं तर धाडस होईना. मग सायकल गुऱ्हाळातच राहिली, आणि पुढचे बारा-तेरा दिवस माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दिवसांपैकी होते, हे कबूल करायला हवं.

गुऱ्हाळात उसाचा रस काढायचा लोखंडी चरक होता. त्याला जुंपलेले बैल वर्षानुवर्षं त्याच्याभोवती फिरून जमिनीत एक छान, घट्ट, गोल वाट पडलेली. त्या वाटेवर आम्ही सायकल शिकलो. एकानं बसायचं, दोघांनी धरून पळायचं. पैलवान बसला की आम्हा दोघांच्या हातून तो सुटायचा आणि थेट चिपाडांच्या ढिगात जाऊन घुसायचा. तीन-चार दिवसांत तिघांनाही चालवता येऊ लागली. फक्त एक झालं. वाट गोल, आणि आम्ही नेहमी एकाच बाजूनं फिरायचो, त्यामुळं आम्हाला फक्त डावीकडं वळता यायचं. पैलवानाला तर उजवीकडं वळणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं.

सुताराचं वेगळंच चाललं होतं. एका दुपारी आम्ही गेलो तर सायकल नव्हती. होती, पण तुकड्यांत. त्यानं ती सगळी उकलून चिपाडांवर मांडून ठेवली होती आणि मधे बसून डोकं खाजवत होता. चाकाच्या पोटातले बारीक पोलादी छर्रे भसकन बाहेर येऊन चिपाडांत पसरले होते. ते वेचण्यात आमचा दीड दिवस गेला. एक मिळालाच नाही.

"एकाचं काम बाकीचं वडत्याल," सुतार म्हणाला.

मग त्यानं ती पुन्हा जोडली. कशी ते त्याचं त्याला ठाऊक. नुसती जोडली नाही. मागचं चाक थोडं वाकडं फिरायचं ते सरळ केलं, ब्रेक सैल होता तो आवळला, सीटचं चामडं एका बाजूला फाटलं होतं ते मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून टाकलं. इतके महिने तो पारावर पडून असायचा, जांभया द्यायचा. त्या दिवसांत तो आमच्या आधी उठून गुऱ्हाळात जाऊन बसलेला असायचा आणि काम करताना शीळ घालायचा.

इकडं साहेब पायी हिंडायला लागले होते. माणूस चालून चालून किती चालणार? त्यांच्या हद्दीचं शेवटचं टोक आमच्या गावाच्या खाली होतं, तिथं ते पोचेनात. ते येत नाहीत म्हटल्यावर वरच्या अंगाचे लोक आपली पाळी संपली तरी दारं उघडी ठेवायला लागले. खालच्या शेतांना पाणीच येईना. आणि खालच्या शेतांत अगदी टोकाला होता पैलवानाच्या आईचा वांग्या-मिरचीचा तुकडा.

ती माउली बोलायला खमकी होती. एका सकाळी मी पैलवानाला बोलवायला गेलो, तर तो चुलीपुढं जेवत होता आणि ती भाकरी थापता थापता त्या चोराचा उद्धार करत होती.

"ज्यानं त्या गरीब सायबाची सायकल न्हेली ना, त्येचा हात लुळा पडू दे! त्येला भाकरी ग्वाड लागू नगं! माजी वांगी करपून चालली रं मास्तर, फुलं गळाली समदी. कुनाच्या पोटचं हाय कुनाला ठावं, पर आईनं जल्मताच मिठात घालायला पायजे हुतं!" आणि पैलवानाकडं वळून, "तू खा रं बाळा. तू का थांबलास?"

पैलवानानं ताट सरकवलं. त्याला भाकरी नको झालेली मी जन्मात एवढीच एकदा पाहिली.

बाहेर येताच तो म्हणाला, "सायकल परत न्यायची. आजच."

सुताराला ते फार जड गेलं. त्यानं तिला एकदा चिंधीनं पुसून घेतलं, साखळीला करडीचं तेल सोडलं. साहेब रोज सकाळी लवकर पायी निघतात हे आम्हाला माहीत होतं. तेव्हा दिवस वर आल्यावर जायचं, लिंबाला सायकल टेकवायची आणि पळायचं, असं ठरलं. पाटाच्या कडेला आल्यावर पैलवान म्हणाला, "आता कोन बघतंय? शेवटचं एकदा मला बसू दे. हितं तरी सरळ वाट हाय."

बसला. पाटाचा भराव लांबच लांब सरळ, डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली बंगला. पैलवान असा झोकात निघाला की आम्ही मागं पळत पळत हसत होतो. बंगला आला. आता उजवीकडं वळायचं होतं. सुतार मागून ओरडला, "उजवीकडं! उजवीकडं!" पैलवानानं हँडल फिरवलं ते सवयीनं डावीकडं, आणि सायकलीसकट तो पाटात गेला.

धप्प असा आवाज झाला. बंगल्याच्या ओसरीवर कुणीतरी उभं राहिलं. साहेबच ते. चालून चालून पायाला फोड आले होते म्हणून त्या दिवशी ते निघालेच नव्हते.

पैलवान छातीभर पाण्यातून वर आला. खांद्यावर सायकल, डोक्यावर शेवाळ. तो तसाच निथळत साहेबांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सायब, तुमची सायकल घावली."

"कुठं?"

"पाटात."

साहेबांनी चष्मा पुसला. सायकल हातात घेऊन चाक फिरवलं. ते सरळ फिरत होतं. ब्रेक दाबला, तो लागला. सीटवर हात फिरवला. मग हँडलकडं बघितलं. घंटीला माझा रुमाल अजून गुंडाळलेला होता.

"पाण्यात पडल्यावर सायकल दुरुस्त होते, हे मला नवीन आहे," ते म्हणाले. "ब्रेक कुणी केला?"

आम्ही दोघांनी एव्हाना पळून जायला हवं होतं. पण सुतार पुढं झाला आणि म्हणाला, "म्या केला. एक छर्रा हरवलाय मातुर."

साहेबांनी चोरीची वर्दी आधीच दिलेली होती, त्यामुळं प्रकरण तिथं मिटणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी इंदापूरहून फौजदार घोड्यावर आले. चावडीत गाव जमला. आबा पोलीस पाटील म्हणून फौजदारांच्या शेजारी बसले होते आणि समोर आरोपी म्हणून त्यांचा पुतण्या उभा. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आई दाराबाहेर पदर तोंडाला लावून उभी होती. आत्तापर्यंत जे सगळं गमतीचं वाटत होतं ते त्या क्षणी गमतीचं राहिलं नाही.

फौजदार कागद पुढं ओढून लिहायला लागले. नाव, बापाचं नाव, वय झालं. मग त्यांनी पैलवानाला विचारलं, "धंदा?"

"कुस्ती, सायब."

"कुस्तीवर पोट भरतं?"

"न्हाय. आवंदा जत्रंला बी कुणी कुस्त्या ठेवल्या न्हाईत."

"तुझा?" सुताराला.

"सुतारकी व्हती."

"होती म्हणजे?"

"आता न्हाय."

मग माझ्याकडं वळले. "आणि तू? तू शिकलेला दिसतोस. धंदा काय?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "अर्ज करतो."

चावडीत हशा पिकला. फौजदारही हसले, पण त्यांचा टाक तिथंच थांबला. कागदाकडं बघत ते आबांना म्हणाले, "पाटील, अलीकडं मी जी जी पोरं धरतो त्यांचा हा रकाना मोकळाच ठेवावा लागतोय. आधी दरोडेखोर धरायचो. त्यांचा निदान धंदा तरी पक्का असायचा."

तेवढ्यात इन्स्पेक्टर साहेब लंगडत आले. त्यांनी सायकल चावडीच्या पायरीशी लावली. "फौजदारसाहेब, माझी सायकल हरवली, सापडली, आणि नेली तेव्हापेक्षा बऱ्या स्थितीत सापडली. मला फिर्याद पुढं चालवायची नाही."

"तुम्हाला दया येते, उद्या हेच पोरगे दुसऱ्याची नेतील."

"नेतील," साहेब शांतपणे म्हणाले. "बसून राहिले तर नेतीलच. पुढच्या आठवड्यात पाट बंद ठेवून गाळ काढायचा आहे. माणसं लांबून आणवतो आम्ही, कारण इथल्या कुणाला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी."

बराच वेळ बोलणं झालं. शेवटी असं ठरलं की आबांनी जामीन राहायचं, आणि आम्ही तिघांनी तीन महिने रोज सकाळी चावडीत हजेरी द्यायची. फौजदार गेले. गाव पांगला. आबा उठले, माझ्याजवळ आले आणि पहिल्यांदा बोलले. "कोंबडी बी तुमीच खाल्ली?"

"व्हय आबा."

"दोरी?"

"दोरी न्हाय, आबा. दोरी खरंच न्हाय."

दोरी कुणी नेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

पाट बंद झाला आणि आम्ही गाळात उतरलो. पैलवान टोपल्या भरभरून वर फेकायचा. लांबून आलेली माणसंसुद्धा काम थांबवून त्याच्याकडं बघायची. मला साहेबांनी हजेरीपट लिहायला बसवलं. अक्षर बरं होतं, म्हणून पुढं पाण्याच्या पाळ्या लिहायचं कामही माझ्याकडंच राहिलं. ती माझी पहिली नोकरी, कुठलाही अर्ज न करता मिळालेली. चावडीतली हजेरी संपल्यावर सुताराला साहेबांनी चिठ्ठी देऊन बारामतीला एका सायकलवाल्याकडं पाठवला. तो दुकानदार सुरुवातीला म्हणाला होता की खेड्यातला पोरगा ठेवून काय करू. महिनाभरात तो सगळी अवघड कामं याच्यापुढं ढकलून स्वतः पान खात बसायला लागला.

सगळं एकदम सरळ झालं असं मात्र नाही. गाळ निघाला, पाट परत सुरू झाला आणि पैलवानाचं काम संपलं. दोन महिने तो पुन्हा पारावर बसला, आणि पणदऱ्याच्या बाजारात दुसऱ्याच्या कोंबड्यांची डालगी उचलताना सापडला. लोकांनी मार दिला, तो त्यानं गुपचूप खाल्ला. मी चिडून त्याला म्हटलं, "आरं, तुला लाज कशी न्हाय?" तर तो म्हणाला, "लाज हाय की रं मास्तर. पर दिवस लई मोठा असतोय." मला संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं काम होतं, म्हणून मला लाजेचं बोलता येत होतं.

पुढं इंदापूर तालुक्यात साखरेचा कारखाना उभा राहायला लागला, आणि आसपासच्या गावांतली पारावर बसलेली पोरं एकेक करून तिकडं गेली. पैलवानही गेला. लोखंडाचे मोठमोठे भाग गाड्यांवरनं उतरवायचे होते, तिथं त्याच्यासारखा माणूस त्यांना हवाच होता. पहिल्या सुट्टीला तो आला तो आईसाठी हिरवं लुगडं घेऊन. सायकलीची सगळी हकिगत चावडीतल्या त्या दिवशीच आईला कळली होती. तिनं लुगडं हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "इकत घेतलंस न्हवं?"

"घेतलं गं आये, घेतलं!" तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारीपाजारी बाहेर आले. मग सगळेच हसले, आणि ती रडली.

आमची चावडीतली हजेरी तीन महिन्यांनी संपली. त्या काळात आबांना आमची सवय झाली होती. सकाळी आम्ही यायचो, ते वही काढायचे, मग गुळाचा चहा व्हायचा आणि त्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी निघायच्या. हजेरी संपल्यानंतरच्या आठवड्यात मी पाटावर कामाला निघालो होतो. चावडीवरनं जाताना हाक आली.

"आरं मास्तर! कुठं चाललास?"

"कामावर, आबा. हजेरी संपली न्हवं का."

"संपली तर संपली," आबा म्हणाले. "चहा टाकलाय. घे अन् मग जा."

मी पायरीवर बसलो आणि बशीत चहा ओतून घेतला. त्या दिवशी मी कामावर जरा उशिराच पोचलो.